कागद म्हातारा का होतो?

मुंबईच्या कुलाब्याला ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली एक वेधशाळा स्थापन केली. १८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची नियमित मोजमापे घेतली जाऊ लागली. काम तसे कंटाळवाणेच. ठरलेल्या वेळी उपकरणापाशी जायचे, टांगलेल्या चुंबकाची स्थिती डोळ्यांनी वाचायची आणि आकडा कागदावर उतरवायचा. दिवस असो की रात्र, थंडी असो की मुंबईचा पाऊस. या आकड्यांचा पुढे कोणाला काय उपयोग होईल, हे लिहिणाऱ्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

२ सप्टेंबर १८५९ रोजी हे आकडे एकाएकी बिथरले. आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन या खगोलनिरीक्षकाने सूर्यावरील डागांपाशी डोळे दिपवणारा प्रकाश काही मिनिटे पाहिला होता. त्यानंतर साधारण साडेसतरा तासांनी पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ येऊन आदळले. तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या. युरोपातील काही वेधशाळांत तर नोंद करणारा प्रकाशबिंदू कागदाच्या बाहेरच निघून गेला. कुलाब्याचे निरीक्षक मात्र आकडे टिपत राहिले.

पुढे १४४ वर्षे गेली. २००३ साली ब्रूस त्सुरुतानी, जी. एस. लखिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुलाब्याच्या त्या नोंदी अभ्यासल्या. त्या दिवशी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या आडव्या घटकात तेथे सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घसरण झाली होती, असे त्यांत आढळले. आज आपले दूरध्वनी, उपग्रह आणि वीजवाहक तारांचे जाळे असल्या वादळापुढे किती टिकेल, याचा हिशेब करायचा तर आधी वादळ केवढे मोठे असू शकते ते ठाऊक हवे. त्या प्रश्नाचे एक फार मोलाचे उत्तर मुंबईच्या जुन्या कागदांत पडून होते.

आता कल्पना करा की मधल्या काळात त्या कागदांना वाळवी लागली असती, किंवा ‘जुनी रद्दी’ म्हणून कोणी ते काढून टाकले असते. १८५९ चे वादळ पुन्हा मोजता येणार नाही. प्रयोगशाळेतला प्रयोग फसला तर तो पुन्हा करता येतो. गेलेल्या दिवसाची नोंद पुन्हा करता येत नाही.

म्हणून जुने कागद जपायचे. पण जपायचे म्हणजे नेमके काय करायचे? कपाटात कुलूपबंद ठेवले की झाले, असे पुष्कळांना वाटते. कागद कपाटातही मरतो. तो कसा मरतो, ते आधी पाहू.

जुना धडधाकट, नवा मरतुकडा

पुण्याच्या पुराभिलेखागाराला लोक आजही ‘पेशवे दफ्तर’ म्हणतात. तेथे मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत. रुमाल म्हणजे खिशातला नव्हे. कापडात बांधलेले कागदांचे गाठोडे, त्याला रुमाल म्हणतात. गो. स. सरदेसाई यांनी या दफ्तरातून निवडलेले कागद १९३० ते १९३४ या काळात ४५ भागांत छापले, तरी तो या साठ्याचा अगदी लहानसा अंश होता. असा एखादा रुमाल सोडला, तर अडीचशे वर्षांपूर्वीचा कागद पुष्कळदा अजून लवचीक असतो. त्याची घडी उलगडते, पुन्हा घालता येते, आणि अक्षर काळेभोर असते.

आता आजोबांच्या ट्रंकेतले १९३०-४० च्या सुमाराचे एखादे छापील पुस्तक घ्या. पाने तपकिरी झालेली असतात. कोपरा जरा दुमडला, तर पापड मोडावा तसा तो मोडून हातात येतो. वयाने हे पुस्तक पेशवाईतल्या कागदाच्या नातवाच्या नातवाएवढे, पण आधी मरणार तेच! असे का व्हावे?

कागद म्हणजे वनस्पतींच्या तंतूंची चटई. हे तंतू मुख्यतः सेल्युलोजचे असतात. सेल्युलोजचा रेणू एखाद्या लांबलचक माळेसारखा असतो. ग्लुकोजचे हजारो मणी एकापुढे एक ओवलेले. माळा जितक्या लांब, तितका कागद चिवट. माळा तुटून आखूड झाल्या की तंतू ठिसूळ होतो. हे तोडण्याचे काम करते आम्ल. आम्लाच्या सान्निध्यात पाण्याचा एक रेणू दोन मण्यांच्या मधल्या बंधात शिरतो आणि बंध तुटतो. इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. प्रत्येक तोडीला पाण्याचा एक रेणू खर्ची पडतो. आम्ल मात्र खर्ची पडत नाही. ते उत्प्रेरक आहे. एक माळ तोडून ते दुसरीकडे वळते. म्हणून अगदी थोडे आम्लही पन्नास वर्षांत साऱ्या पुस्तकाचा चुरा करू शकते. शिवाय उष्णता वाढली की विक्रियेचा वेग वाढतो. स्थूलमानाने तापमान १० अंशांनी चढले की वेग दुपटीच्या आसपास जातो. पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर ठेवलेली पुस्तके लवकर का झिजतात, हे आता तुम्हीच सांगाल.

मग हे आम्ल आले कोठून? ते आपणच घातले. जुन्नर, दौलताबाद अशा ठिकाणी पूर्वी हातकागद तयार होई. त्यासाठी चिंध्या, जुने दोरखंड, ताग असा माल चुन्याच्या पाण्यात भिजवून कुटत. लगद्याचे ताव काढून वाळवत, त्यांना पिठाची खळ देत आणि गुळगुळीत दगडाने घोटत. शाई पसरू नये म्हणून ही खळ आणि घोटाई. लांब तंतू आणि मागे राहिलेला थोडासा चुना, या दोन गोष्टींनी हा कागद दीर्घायुषी झाला. चुना आम्लाचा वैरी आहे.

युरोपात कागदाची मागणी वाढली, चिंध्या पुरेनात. १७९९ साली फ्रान्समध्ये लुई-निकोला रोबेर याला कागदाचे यंत्र करण्याचा हक्क मिळाला. १८०७ मध्ये जर्मनीतल्या मोरिट्झ इलिगने स्वस्तातली खळ सुचवली: झाडाची राळ आणि तुरटी. १८४० नंतर लाकूड दळून त्याचा लगदा वापरण्याची युक्ती निघाली. कागद स्वस्त झाला, वर्तमानपत्रे, शालेय पुस्तके घरोघर पोचली. हा फायदा लहान नाही. तो नसता तर हे मासिकही तुमच्या हाती नसते. पण कागदवाल्यांची ‘तुरटी’, म्हणजे ॲल्युमिनिअम सल्फेट, दमट हवेत आम्ल तयार करते. आणि दळलेल्या लाकडातले लिग्निन हे द्रव्य उजेडाने व हवेने पिवळे पडते, त्यातूनही आम्ल निघते. साधारण १८५० पासून पुढची शंभर-सव्वाशे वर्षे जगातला बहुतेक छापील कागद असा पोटात आम्ल घेऊनच जन्माला आला.

विल्यम बॅरो या अमेरिकन संशोधकाने विसाव्या शतकाच्या मध्यास जुन्या पुस्तकांची पाने यंत्राने पुन्हा पुन्हा दुमडून ती कितव्या घडीला तुटतात ते मोजले. ताजा कागद तो १०० अंश सेल्सिअस तापमानाच्या भट्टीत तीन दिवस ठेवी आणि ते सुमारे २५ वर्षांच्या वार्धक्याबरोबर धरी. दोषी आम्ल आहे, हे त्याच्या प्रयोगांनी ग्रंथपालांना पटले.

तुम्हालाही घरी दोन साधे प्रयोग करता येतील. वर्तमानपत्राचा तुकडा अर्धा जाड पुठ्ठ्याने झाका आणि आठवडाभर उन्हात ठेवा. उघड्या आणि झाकल्या भागांतला रंगाचा फरक वहीत लिहा. दुसरा प्रयोग: झेरॉक्सच्या कोऱ्या कागदाचा कपटा चुरगळून त्यावर व्हिनेगरचे थेंब टाका आणि भिंगातून पाहा. बारीक बुडबुडे दिसले तर त्या कागदात कॅल्शिअम कार्बोनेट आहे, असे समजा. कारखान्यांनी अलीकडच्या काळात तुरटीची पद्धत पुष्कळशी सोडली, त्याची ही खूण. (हे प्रयोग रद्दीवर करायचे. जुन्या कागदाला थेंबही लावायचा नाही!)

दोन शाया

कागदाइतकीच शाईही महत्त्वाची. मराठी दफ्तरातली शाई बहुधा काजळीची. दिव्याची काजळी आणि डिंक पाण्यात घोटायचा, बोरू बुडवून लिहायचे. काजळी म्हणजे कार्बन. तो उजेडाने फिका पडत नाही, कागदाशी भांडत नाही. त्याचे एकच वैगुण्य आहे: डिंक पाण्यात विरघळतो, म्हणून कागद भिजून चोळला गेला की अक्षर वाहून जाते.

युरोपियनांची शाई निराळी. मायफळातले टॅनिन आणि हिराकस एकत्र करून ती होई. हिराकस म्हणजे लोहाचे सल्फेट. ही शाई लिहिताना फिकी दिसे आणि हवा लागली की काळी होत कागदात घट्ट बसे. पाण्याने सहजी जात नसे. व्यवहाराला उत्तमच. पण ती तयार होताना सल्फ्युरिक आम्ल सुटते, आणि जास्तीचे लोह सेल्युलोजचे ऑक्सिडीकरण घडवते. असा दुहेरी मार बसला की शतकांनंतर अक्षराच्या जागी अक्षराच्याच आकाराचे भोक पडते. संगीतकार योहान सेबास्टियन बाख याच्या हस्तलिखितांची याच रोगाने दुर्दशा झाली.

आपल्याकडे हा रोग पाहायचा तर गोव्याकडे वळावे लागते. पोर्तुगीजांनी तेथे १५९५ मध्ये दफ्तरखाना स्थापला. दियोगु दु कोतु हा इतिहासकार त्याचा पहिला प्रमुख. आज हा संग्रह पणजीला आहे. त्यातल्या जुन्या पोर्तुगीज कागदांवर लोहाची शाई आहे आणि हवा समुद्रकाठची, दमट. आम्लाला हवे ते पाणी तेथे हवेतच मिळते. म्हणजे पुण्याच्या रुमालाला पाण्यापासून भय, तर गोव्याच्या ग्रंथाला स्वतःच्याच अक्षरांपासून. एकच औषध दोघांना चालणार नाही.

कसर, झुरळे, वाळवी यांची ओळख तुम्हाला करून द्यायला नको. त्यांना सेल्युलोज किंवा खळ खायला मिळते म्हणून ती येतात. बुरशीला हवेतील आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर गेली की फावते. हवा खेळती ठेवणे आणि दर पंधरवड्याला कपाट उघडून पाहणे, यापलीकडे घरच्या घरी मोठा उपाय नाही. औषध घालून विसरून जाणारा मालक हा वाळवीचा सर्वांत चांगला मित्र.

उपाय की अपाय?

आम्ल चुन्याने मारता येते. बॅरोने हाच मार्ग घेतला. पानात खायच्या चुन्याची वरची स्वच्छ निवळी असते ना, तसल्या द्रावणात तो कागद बुडवी आणि नंतर कॅल्शिअम बायकार्बोनेटच्या द्रावणात. कागद वाळला की तंतूंमध्ये खडूचे अतिसूक्ष्म कण राहतात. पुढे तयार होणाऱ्या आम्लाला हे कण परस्पर गाठतात. शाई पाण्याने जाणारी असेल तर ही रीत चालत नाही, तेव्हा अल्कोहोलसारख्या द्रवात चुना मिसळून तो लावण्याच्या रीती आहेत.

पण आम्ल मारले तरी तुटलेल्या माळा पुन्हा जुळत नाहीत. जीर्ण कागदाला आधार द्यावाच लागतो. येथे आपल्या देशातली एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात हाताने करण्याची एक सुटसुटीत पद्धत बसवण्यात आली. कागदाच्या दोन्ही बाजूंना सेल्युलोज ॲसिटेटचा पातळ पापुद्रा, त्यावर तलम टिश्यू कागद, आणि वरून ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा फिरवायचा. ॲसिटोनने पापुद्रा विरघळतो आणि टिश्यू कागदाला चिकटतो. बॅरोच्या पद्धतीला तापवलेला दाबयंत्राचा सांगाडा लागे. येथे काचेचे टेबल आणि कुशल हात पुरत. गरीब देशांना ही पद्धत फार सोयीची वाटली आणि ती ‘भारतीय पद्धत’ म्हणून इतरत्र गेली. असंख्य कागद तिने त्या वेळी वाचवले, हे कबूल केलेच पाहिजे.

काही दशके गेल्यावर दुसरी बाजू दिसली. सेल्युलोज ॲसिटेट स्वतःच म्हातारे होते आणि त्यातून ॲसेटिक आम्ल सुटते. तेच ते व्हिनेगरचे आम्ल! आधी आम्ल मारून न घेता ज्या कागदांना पापुद्रा चढवला, त्यांचे आम्ल तर आतच कोंडले गेले. पापुद्रा पुन्हा सोडवणेही सोपे नाही. म्हणून जाणकार आता गव्हाच्या स्टार्चची खळ आणि मजबूत टिश्यू कागद यांनाच पसंती देतात. पाण्याच्या हलक्या ओलाव्याने ही खळ सुटते, आणि उद्या अधिक चांगला उपाय सापडला तर आजचा काढून टाकता येतो. जुन्या वस्तूंच्या डागडुजीत ही कसोटी मला सगळ्यांत शहाणपणाची वाटते: जे केले ते उलटवता आले पाहिजे.

ही गोष्ट दूर दिल्लीची आहे असे समजू नका. पणजोबांचा शाळेचा दाखला, जमिनीचे जुने खत, आजीचे पत्र यांना घराजवळच्या दुकानातून प्लास्टिकचे गरम लॅमिनेशन करून आणण्याची पद्धत पडली आहे. कागद चकचकीत दिसतो आणि सगळ्यांना बरे वाटते. पण वितळलेला चिकट थर तंतूंत शिरतो, तो पुन्हा निघत नाही, आणि आतले आम्ल आपले काम करतच राहते. जुन्या कागदाला हे करू नका. फाटलेल्या कागदावर सेलोटेपही नको. तिचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन कागदात मुरतो, वरची पट्टी गळून पडते आणि डाग तेवढा राहतो.

तुमच्या घरी

पुराभिलेखागारांत जाते ते मोठ्या माणसांचे आणि सरकारचे दफ्तर. पण गावचा पाऊस, दुष्काळ, साथ, बाजारभाव यांची नोंद कित्येकदा घरातल्या वहीतच असते. तुमच्या घरी अशी ट्रंक असेल, तर मोठ्यांच्या परवानगीने एखाद्या कोरड्या दिवशी ती उघडा. हात धुऊन, कोरडे करून. टाचण्या, स्टेपल, रबराची कडी अलगद काढा. लोखंड गंजते आणि रबर चिकटते. मोडायला आलेली घडी जबरदस्तीने उलगडू नका. कागद मांजरपाटाच्या धुतलेल्या फडक्यात बांधा. धुतलेल्या म्हणण्याचे कारण असे की कोऱ्या कापडाला खळ असते आणि कसरीला ती आवडते. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका, आत दमटपणा कोंडतो. ट्रंक भिंतीपासून वीतभर दूर आणि जमिनीपासून उंच ठेवा, म्हणजे वाळवीच्या मातीच्या नळ्या लगेच दिसतील.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरच्या पुरात घरांतले असंख्य कागद भिजले. अशा वेळी लोक घाईने पाने सोडवतात किंवा कडक उन्हात टाकतात. ओला कागद अतिशय दुबळा असतो, तो ओढू नये. सुटी पाने सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर टीपकागदावर पसरावीत. कागद फार असतील आणि दोन दिवसांत वाळणार नसतील, तर ते पिशव्यांत घालून सरळ फ्रीझरमध्ये ठेवावेत. विचित्र वाटते, पण गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही आणि विचार करायला सवड मिळते. मोठ्या ग्रंथालयांत असे गोठलेले ग्रंथ निर्वात पेटीत वाळवतात. बर्फाचे पाणी न होता थेट वाफ होते. जर्मनीतल्या वायमार येथील ग्रंथालयाला २००४ मध्ये आग लागली, तेव्हा विझवण्याच्या पाण्याने भिजलेले ग्रंथ याच रीतीने वाळवले.

मोबाइलने फोटो काढून ठेवावेत का? अवश्य. मूळ कागदाला वारंवार हात लागणे त्याने टळते. मात्र फोटो काढला म्हणून कागद टाकून द्यायचा नाही. इंग्लंडमध्ये १०८६ साली चर्मपत्रावर लिहिलेली जमिनींची मोठी नोंदवही आजही वाचता येते. तिच्या नऊशे वर्षांनिमित्त १९८६ मध्ये बी.बी.सी.ने देशभरातल्या शाळांतल्या मुलांकडून माहिती जमवून ती लेसर तबकड्यांवर साठवली. पंधरा-सोळा वर्षांतच त्या तबकड्या वाचणारी यंत्रे मिळेनाशी झाली आणि माहिती सोडवून घ्यायला तज्ज्ञांना खटपट करावी लागली. फोटो दोन-तीन ठिकाणी ठेवा आणि दर काही वर्षांनी नव्या साठवणीवर उतरवत राहा.

ट्रंकेत मोडी कागद निघाले, तर घाबरून जाऊ नका. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयातर्फे मोडी लिपीचे वर्ग भरतात. १९१० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळातही जाणकार भेटतील. शिक्षकांनी मनावर घेतले तर एका सुट्टीत आठवी-नववीची मुले अक्षरओळख करून घेऊ शकतात.

एक शेवटचे. कागद कोणाचा, कोठे सापडला, केव्हा, हे लगेच टिपून ठेवायचे, नाहीतर दहा वर्षांनी घरातही कोणी सांगू शकणार नाही. हे टिपण वेगळ्या कागदावर करावे. मूळ कागदावर खूण करणे भागच असेल, तर पाठीमागे कोपऱ्यात, बॉलपेनाने नव्हे, मऊ शिसपेन्सिलीने, न दाबता. शिसपेन्सिलीत शिसे नसते, ग्राफाइट असते. म्हणजे पेशव्यांच्या कारकुनांच्या दौतीत होता तोच कार्बन.